कितवा टप्पा आला?

मला आवाज आहे हे मला सोळाव्या वर्षी कळलं. त्याआधी तो कुठे दडून बसला होता कोण जाणे. दहावीपर्यंत हजेरी देताना माझं "हजर" पहिल्या बाकाच्या पुढे जायचं नाही. सर मान वर करायचे, मला बघायचे आणि आधीच केलेली गैरहजेरीची खूण खोडायचे. मग अकरावीत रिंकाने मला ओढत नाटकाच्या गटात नेलं. तिथल्या दिग्दर्शिका हायासे-सान म्हणाल्या, "त्या भिंतीपर्यंत पोचव बघू," आणि मी पोचवला. भिंतीपर्यंत कसला! बाहेर सायकली लावणारा माणूस दचकून आत डोकावला. त्या दिवसापासून मी गप्प बसलेली नाही. आई म्हणते, सोळा वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडतंय, पडू दे.

हे आधी सांगायचं कारण, पुढे जे झालं ते माझ्या आवाजानेच झालं. मला विज्ञानात नेहमी चांगले गुण असतात आणि मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. जे पाहिलं, मोजलं, वाचलं तेवढंच लिहिते.

आमच्या नाटकाला रंगमंच नाही आणि खुर्च्याही नाहीत. येणारा प्रेक्षकच पात्र होतो. आमचं गाव दक्षिण जपानमधल्या चिकुहो भागातलं, म्हणजे एके काळी इथे घराघरातला माणूस कोळशाच्या खाणीत जायचा. कामेनो खाणीचं तोंड अजून शाबूत आहे. आतला उतार दीडशे मीटरपर्यंत काँक्रीटने बांधून घेतलाय, त्यापुढे भिंत. उतारावर चार टप्पे आहेत, म्हणजे पूर्वी जिथे कोळशाच्या गाड्या थांबायच्या त्या सपाट जागा; पहिला तोंडाजवळ, चौथा भिंतीपाशी. १९५४च्या नोव्हेंबरात खाली वायूचा स्फोट झाला आणि तेरा माणसं गेली. त्यांची नावं तोंडापाशी एका दगडावर कोरलेली आहेत.

शनिवारी आणि रविवारी सकाळी अकराला प्रयोग असतो. प्रत्येक प्रेक्षकाला आम्ही एक पितळी बिल्ला देतो. त्यावर त्या तेरांमधल्या एकाचं नाव आणि नंबर. पुढचा तासभर तो प्रेक्षक म्हणजे तोच माणूस. खाणीची पद्धत अशी, की खाली जाताना आपला बिल्ला तोंडापाशी फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि वर आलं की काढून घ्यायचा. ज्याचा बिल्ला खिळ्यावर राहिला तो अजून खाली आहे, हिशोब संपला. तर प्रेक्षक बिल्ला अडकवतात, उतरतात, दगडावर बसून आलुबुखाराचं लोणचं घातलेला भाताचा गोळा खातात, आमच्या दोन नटांबरोबर कोळसा फोडतात. मग दिवे जातात, जमीन हादरते (ते रिंकाचं काम, तोंडापाशी बटणं घेऊन तीच बसते), आणि सगळे मरतात.

आणि मग मी येते.

माझं काम त्यांना वर आणायचं. ही हाक मला आजोबांनी शिकवली. आईचे वडील, तामेओ, वय अठ्ठ्याऐंशी, आमच्याच घरात खालच्या खोलीत राहतात. स्फोट झाला तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि प्रेतं वर आणणाऱ्यांत होते. सत्तर वर्षं त्यांनी खाणीचा शब्द काढला नव्हता. दोनच गोष्टींवरून घरात कळायचं की हा माणूस खाणीतला आहे. एक, ते दिवा लावूनच झोपायचे. दोन, घरात कुणी भातावर आमटीसारखं मिसो सूप ओतलं की ताट उचलून मोरीत रिकामं करायचे. खाणकामगार असं खात नाहीत. वरून ओतलं की खाली ढासळतं म्हणे. खाण १९६८ साली बंद पडली, तरी आमच्या घरात भात कोरडा आणि सूप वेगळं.

नाटकाची माहिती विचारायला हायासे-सान घरी आल्या तेव्हा आजोबा पहिल्यांदा बोलले.

"प्रेत वर आणताना बोलत राहायचं," ते म्हणाले. "अंग उचलून आणता येतं. पण आतलं जे असतं ना, त्याला मेल्याचं कळलेलंच नसतं. ते तिथेच काम करत राहतं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर नाव घेऊन सांगायचं, 'वर चाललोय हो, अमका टप्पा आला.' पार उजेडापर्यंत."

"आणि मध्ये थांबलं तर?" हायासे-साननी विचारलं.

"थांबायचं नाही." चहाचा पेला त्यांनी तीनदा फिरवला. "जितक्यांची नावं घेतली तितकेच वर येतात. आणि जिवंत माणसाचं नाव खाली घ्यायचं नाही. ती हाक त्यांच्यासाठी नाही."

हायासे-सान भराभर लिहून घेत होत्या. मग म्हणाल्या, "एक अडचण आहे, तामेओ-सान. परवानगी एका वेळी बारा प्रेक्षकांचीच मिळाली आहे. माणसं तेरा. एक नाव गाळावं लागेल."

"नाओकिची गाळा," आजोबा म्हणाले. पेल्यातून नजर वर केली नाही.

का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी मनातल्या मनात हाकेचा सराव करत होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी पहिला प्रयोग झाला, आणि काय सांगू, लोक रडले! प्रेक्षक एकामागे एक उभे राहतात, हातात पांढरी सुती दोरी, दोरीला बारा गाठी, एकेक गाठ एकेकाच्या मुठीत. मी दिवा घेऊन पुढे, दोरीचं टोक माझ्या कमरेला. "ताकेझोऽऽ, वर चाललोय होऽऽ! चौथा टप्पाऽऽ!" अशी बारा नावं, प्रत्येक टप्प्यावर. माझा आवाज त्या बोगद्यात असा काही घुमतो की मलाच स्वतःचं कौतुक वाटतं. दोन्ही नट तोवर खाली मरून पडलेले असतात. प्रेक्षकांच्या मागे कुणीच नसतं.

संध्याकाळी आम्ही शाळेच्या पायऱ्यांवर बसून मोबाईलवर लोकांचे अभिप्राय वाचत होतो. रिंका मोठ्याने वाचत होती.

"'पाच तारे. हाक मारणारी मुलगी लाजवाब.' घे, झालं तुझं पोट भरलं. 'पाच तारे. भाताचा गोळा छान होता.' अरे, हा काय जेवायला आला होता? 'पाच तारे. तिसऱ्या टप्प्यावर मागे उभा असलेला तरुण नट जबरदस्त. कानाशी येऊन नुसतं विचारतो, कितवा टप्पा आला? अंगावर काटा आला.'"

"इवामारु-सान!" मी ओरडले. "तुम्ही मागून जाऊन काहीतरी करताय ना?"

इवामारु-सान आमच्या दोन नटांपैकी एक, एरवी गावच्या पोस्टात असतात, वय पन्नास, पोट सुटलेलं. "मी? तरुण?" ते खूश झाले. मग म्हणाले, "अगं, मी तेव्हा खाली मेलेला असतो. मेल्यावरही कामाला लावणार का मला?"

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी आणखी एक अभिप्राय आला. 'चार तारे. एक कापला, कारण मागचा नट फारच जवळ येतो आणि त्याच्या केसांना जळका वास आहे.'

हायासे-साननी मला बाजूला घेतलं. "तोमोए, ही तुझी कल्पना असेल तर छान आहे. पण मला आधी सांगायचं."

"माझी नाहीये."

"बरं बरं," त्या म्हणाल्या आणि डोळा मिचकावला.

मग मी लक्ष ठेवायला लागले. बाराव्या गाठीनंतर दोरीचं हातभर शेपूट उरतं, ते जमिनीवर घासत येतं. चौथ्या टप्प्यापासून निघाले की ते घासणं मला कमरेशी जाणवतं, बारीक खरखर. तिसऱ्या टप्प्यावर खरखर थांबायची. दोरी ताठ व्हायची. ओढ नसायची, कुणीतरी नुसतं धरून ठेवल्यासारखं वाटायचं. मी बारा नावं घेऊन चालायला लागले की हिसका न बसता दोरी सुटायची, आणि खरखर पुन्हा सुरू. सलग चार प्रयोगांत हे झालं. मी वहीत तारखा लिहून ठेवल्या आहेत.

चौथ्या प्रयोगानंतर दोरी गुंडाळताना मी शेपटाकडे पाहिलं. सगळी दोरी पांढरी, शेवटची दोन मुठींची जागा काळी. तेलकट काळी. मी ती नळाखाली साबणाने चोळली. डाग गेला, पण बोटांच्या जागी पडलेले दाबाचे खळगे तसेच राहिले.

त्या दिवशी जेवताना मी सगळं सांगून टाकलं. आई नर्सिंग होममध्ये दुपारपाळीला गेली होती, घरात मी आणि आजोबाच. मी ते गंमत म्हणून सांगत होते, अगदी त्या जळक्या वासाच्या चार ताऱ्यांसकट. "आणि म्हणे तो विचारतो, कितवा टप्पा आला!"

आजोबांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. एक, मग दुसरी.

"तिसऱ्यावर?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी ताट बाजूला सारलं.

"नाओकिची माझ्याहून पाच वर्षांनी मोठा," ते म्हणाले. "आम्ही जोडीने काम करायचो. तो डावखुरा, मी उजवा, त्यामुळे अरुंद जागेतसुद्धा कोपराला कोपर लागायचं नाही. त्याला घरचं कुणी नव्हतं. संत्रं सोलायचा ना, साल एकदाही तुटायचं नाही, आणि अर्धं मला द्यायचा. त्याला वर आणायचं काम माझ्याकडे आलं. चौथ्या टप्प्यावर हाक मारली. तिसऱ्यावर 'नाओकिची' एवढंच म्हटलं आणि माझा आवाज गेला, तोमो. धुरानं असेल नाहीतर रडण्यानं असेल. तोंड उघडं, आवाज नाही. तसाच वर आलो. अंग वर आलं. सगळे म्हणाले, शाबास."

"मग?"

"मग काय? कुणाला सांगितलं नाही. म्हणून ते नाव गाळायला लावलं. तू ते नाव घेतलं असतंस आणि त्याने मला विचारलं असतं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तर तो अजून विचारतोच आहे."

मी आजोबांना रडताना कधी पाहिलेलं नाही, त्या दिवशीही नाही. ते फक्त म्हणाले, "मला एकदा खाली घेऊन चल. मी मरायच्या आत त्याला वर आणायचंय. माझ्या छातीत आता फार दम उरला नाही."

आणि मी, नवीन आवाज फुटलेली, लगेच म्हटलं, "चला की! मी आहे ना!"

पुढच्या रविवारी बाराला प्रयोग संपला. हायासे-सान सगळ्यांना घेऊन नूडल्स खायला गेल्या. रिंका माझ्यासाठी मागे राहिली.

"तुझे आजोबा आत पडले तर हायासे-सान मला जिवंत गाडतील," ती म्हणाली. "आजोबा, मोबाईल खिशात आहे ना? खाली रेंज नाही, पण असू दे. मनाला बरं."

"तू उजेड सांभाळ, कार्टे," आजोबा म्हणाले. गळ्यात टॉवेल, पायात जुने रबरी बूट, हातात काठी. खिशातून त्यांनी दोन बिल्ले काढले. आमचे नवे चकचकीत नव्हेत, खरे, कडा झिजलेले. ३१७ नाओकिचीचा, घरचं कुणी नव्हतं म्हणून तेव्हा यांना दिलेला. ३१८ त्यांचा स्वतःचा. दोन्ही शेजारशेजारच्या खिळ्यांना अडकवले. तोंडाशेजारच्या डोंगरदेवाच्या देवळीपुढे दोनदा वाकले, दोन टाळ्या वाजवल्या, काठी तिथेच भिंतीला टेकवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर लख्ख ऊन होतं, समोर खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर, एके काळी उघडा काळा, आता झाडांनी भरलेला, त्यावर गवताचे पांढरे तुरे हलत होते.

उतरायला आम्हाला वीस मिनिटं लागली. भिंतीतून पाणी झिरपत होतं. ओल्या लोखंडाचा वास येत होता. आजोबा एका हाताने भिंत चाचपत होते, जणू कुठला दगड कुठे ते अजून पाठ आहे. पण आता भिंतीवर सगळं काँक्रीट आहे, दगड नाहीच.

चौथ्या टप्प्यावर, भिंतीपुढे, ते उभे राहिले.

"नाओ-सान," ते हळू म्हणाले. "उशीर केला मी. चल."

मग त्यांनी छाती भरून घेतली. "नाओकिचीऽऽ! वर चाललोय होऽऽ! चौथा टप्पाऽऽ!"

तो आवाज म्हाताऱ्याचा नव्हता. माझा आवाज कुठून आला हे मला त्या क्षणी कळलं.

आम्ही चढू लागलो. मी एक पाऊल पुढे, दिवा माझ्या हातात, त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

तिसरा टप्पा आला.

"नाओकिची..." आजोबा म्हणाले.

आणि पुढे काही नाही.

मी वळून पाहिलं. तोंड उघडं, नजर माझ्या मागे कुठेतरी. खांद्यावरचा हात जड झाला, ओल्या पोत्यासारखा. श्वासाची शिट्टी थांबली.

मी मोजलं. घाबरले की मी मोजते. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.

मग श्वास आला. एकच, मोठा, आणि पाठोपाठ खोकला.

"आजोबा?"

"अं."

हात गार होता. पण हात होता, श्वास होता, माणूस उभा होता. वर धावत जाऊन रिंकाला बोलवावं असं एकदा मनात आलं. पण हाक अर्धी झाली होती. इथेच, याच जागी, एकदा ती अर्धी राहिली होती आणि त्यावर एका माणसाची सत्तर वर्षं गेली होती. आता पुन्हा राहू द्यायची नाही. मी आहे ना.

नियम मला पाठ होते. जिवंत माणसाचं नाव खाली घ्यायचं नाही. म्हणून मी आजोबांचं नाव घेतलं नाही. एकदाही नाही.

"नाओकिचीऽऽ!" मी ओरडले. "वर चाललोय होऽऽ! तिसरा टप्पाऽऽ!"

सगळा बोगदा वाजला.

आम्ही निघालो. हात खांद्यावरच होता. हळूहळू हलका होत गेला.

"नाओकिचीऽऽ! दुसरा टप्पाऽऽ!"

श्वासाची शिट्टी आता येत नव्हती. मागची पावलं माझ्या पावलांना भिडत होती. उतरायला वीस मिनिटं लागलेला माणूस मला मागून रेटत होता.

"नाओकिचीऽऽ! पहिलाऽऽ!"

"ओ," माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं.

मला आनंद झाला. खरंच सांगते, भीती नाही, आनंद. आला, तो आला, असं वाटून मी रडायला लागले आणि रडत रडत शेवटची हाक मारली.

मग उजेड.

आजोबा उन्हात उभे राहिले, डोळे मिटलेले, तोंड वर. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. रिंका टाळ्या वाजवत आली. "आजोबा, तुम्ही तर आमच्यापेक्षा ताजेतवाने!"

त्यांनी डोळे उघडले. समोर पाहिलं.

"हा डोंगर हिरवा कधी झाला?" त्यांनी विचारलं.

तो डोंगर त्यांच्या खोलीच्या खिडकीतून दिसतो. रोज.

"ऊन डोळ्यांवर आलंय तुमच्या," रिंका म्हणाली. ते फळीपाशी गेले, एक बिल्ला काढून खिशात टाकला आणि काठी न घेता घराकडे चालू लागले. काठी मी घेतली.

त्या संध्याकाळी आईने मासा भाजला होता. आजोबांनी सूपचा वाडगा उचलला आणि सगळा भातावर ओतला. आईचा हात ताटावर थांबला.

"बाबा?"

"आता मला कुठे खाली जायचंय," ते म्हणाले, आणि भाताचा वाडगा तोंडाला लावून सपासप खाल्लं. नंतर आणखी मागितलं.

आई स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसत हसली. "काय केलंत गं तुम्ही? तुझ्या नाटकाने म्हातारा बरा झाला."

त्या रात्रीपासून ते दिवा बंद करून झोपतात.

आठवडाभर मी हवेत होते. शाळेत सगळ्यांना सांगितलं, नाव न घेता, पण सांगितलं. माझ्या आवाजाने एका माणसाची सत्तर वर्षं मोकळी केली. आणखी काय हवं?

काल शनिवारी सकाळी मी बिल्ले मांडायला खाणीवर लवकर गेले. फळीवर एक जुना बिल्ला अजून लटकत होता. रिंका म्हणाली, "तो मागच्या रविवारपासून आहे. मला वाटलं, तू सजावटीला ठेवलास."

मी तो उलटा करून पाहिला. ३१८.

म्हाताऱ्या डोळ्यांना नंबर दिसला नसेल, मी स्वतःला म्हटलं. चुकून दुसराच घेतला असेल. मी बिल्ला काढायला बोटं लावली. काढला नाही.

अकराचा प्रयोग झाला. तिसऱ्या टप्प्यावर दोरी ताठ झाली.

या वेळी तिला ओढ होती. बारीक, थकलेली, थांबून थांबून. मला बारा नावं घ्यायची होती, ती मी घेतली. कोणत्या क्रमाने, आठवत नाही. वर येऊन शेपूट पाहिलं. एकाच मुठीची जागा काळी होती.

संध्याकाळी पाच वाजता पहिला अभिप्राय आला. रिंकाने तो मला पाठवला, शेवटी हसणारी तोंडं लावून.

'पाच तारे. मागच्या वेळी आले होते तेव्हा मागे तरुण नट होता, आता म्हातारा घेतलाय, हा जास्त चांगला. श्वासाची शिट्टी अगदी खरी वाटते. तोही तेच विचारतो, कितवा टप्पा आला? एकच खटकलं, तो मला सारखा तोमो म्हणत होता. माझं नाव तोमो नाही.'

मी मोबाईल पालथा ठेवला आणि खोलीतून बाहेर आले. आजोबा पुढच्या व्हरांड्यात पाय सोडून बसले होते. ऊन उतरत होतं, समोर डोंगर होता. ते संत्रं सोलत होते. साल एका लांब सलग पट्टीत खाली उतरत होतं, न तुटता, डाव्या हातातून.

मी उभी राहिले. मला बोलताच आलं नाही, जसं दहावीपर्यंत यायचं नाही तसं.

त्यांनी अर्धं संत्रं माझ्यापुढे धरलं.

"तोमोए," ते म्हणाले. आजोबांनी मला पूर्ण नावाने कधी हाक मारली नव्हती. "उद्या अकराला प्रयोग आहे ना?"

"हो."

"खाली माझं नाव घेऊ नकोस हं." आवाज मऊ होता, जवळजवळ विनवणीचा. "जिवंत माणसाचं नाव खाली घ्यायचं नसतं."

मी संत्रं घेतलं. त्यांच्या केसांना अजून थोडा जळका वास येत होता.